रंगाखालचे पोलाद

आमच्या मोहल्ल्यात आमच्याविषयी एक विनोद प्रचलित आहे. लोक दुबईला, कुवेतला जातात आणि गावात दोन मजली बंगला बांधतात. हे दोघे विलायतेला गेले आणि नावेत राहायला लागले. हा विनोद अम्मीच्या कानावर गेला तेव्हा तिने फोनवर विचारले, "खरंच का रे, घर नाही मिळालं?" आम्ही म्हणालो, "मिळालं की, पण ते तरंगतं." अम्मीला हसू आले नाही. अब्बांनी मात्र तिच्या मागून एवढेच विचारले, "लाकडी आहे की लोखंडी?"

"लोखंडी," आम्ही म्हणालो.

"किती जाड?"

आम्हाला माहीत नव्हते. या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला पुढे जवळजवळ वर्ष गेले, आणि त्या वर्षाचीच ही हकिकत आहे.

आम्ही म्हणजे पती-पत्नी दोघे. दोघांचेही शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. बी.एड. एकाच महाविद्यालयातून केले आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच उर्दू हायस्कुलात नोकरीला लागलो. एकाकडे गणित, दुसऱ्याकडे विज्ञान. तुकडी विनाअनुदानित होती. अनुदान पुढल्या वर्षी येणार, या आशेवर आठ वर्षे निघून गेली आणि आम्ही तिशी ओलांडली. २०२३ साली इंग्लंडने भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आपले दार थोडे किलकिले केले. त्या फटीतून आम्ही आत शिरलो. एकाला माध्यमिक शाळेत गणिताची जागा मिळाली, दुसऱ्याला एका प्राथमिक शाळेत मदतनिसाचे काम. शनिवारी मोहल्ल्यातल्या मुलांना आम्ही उर्दूही शिकवतो. इथेही मोहल्ले आहेत. फक्त त्यांना मोहल्ला म्हणत नाहीत.

अब्बा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. पण हाक दोघांची एकच आहे. त्यांनी १९७२ पासून सत्तावीस वर्षे जहाजावर काढली. रत्नागिरीकडच्या आपल्या मुस्लीम वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरच्या कामाला जात आली आहेत. खलाशी, कसब, टंडेल, सारंग ही त्यांची उतरंड. अब्बा टंडेलापर्यंत पोचले. लंडनजवळच्या टिल्बरीच्या गोदीत ते कितीदा तरी आले, पण इंग्लंड त्यांनी पाहिले ते गोदीच्या फाटकापर्यंतच. त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे गंज काढणे. हातोडीने गंज टाकायचा, तारेच्या ब्रशने घासायचे, लाल शिसाचा हात द्यायचा आणि वरून रंग. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पोचेतो पुढे पुन्हा गंज चढलेला असे.

बर्मिंगहॅमच्या परिसरात आम्ही वर्षभर एका खोलीत भाड्याने राहिलो. निम्मा पगार भाड्यात जाई. घर घ्यायचे तर व्याजाचे कर्ज काढावे लागणार, आणि ते आम्हाला नको होते. मुंब्र्याला एक खोली होती. ती विकून आलेले पैसे हाताशी होते. तेवढ्यात इथे घराचा दरवाजाही आला नसता. शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितले, की कालव्यातली जुनी नॅरोबोट घ्या. पैसे एकदम द्या आणि मोकळे व्हा. 'मोकळे व्हा' हे शब्द आम्हाला फार आवडले. आज त्यांची आठवण झाली की हसू येते.

नॅरोबोट म्हणजे काय, ते वाचकांना थोडे सांगायला हवे. अठराव्या शतकात इंग्लंडात कोळसा आणि मातीची भांडी वाहून नेण्यासाठी कालवे खणले गेले. जेम्स ब्रिंडली नावाचा इंजिनिअर या कामात अग्रेसर होता. कालवा टेकडी चढतो तिथे लॉक असते. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी: दोन फाटकांमधला हौद भरला की नाव वर चढते, रिकामा केला की खाली उतरते. खर्च आणि पाणी वाचावे म्हणून मध्य इंग्लंडातली ही लॉके जेमतेम सात फूट रुंद बांधली गेली, आणि तेव्हापासून नावही तेवढीच अरुंद राहिली. रुंदी सहा फूट दहा इंच, लांबी फार तर सत्तर-बहात्तर फूट. पूर्वी नाव घोडा ओढी, मागच्या चिमुकल्या केबिनमध्ये सबंध कुटुंब राही आणि नाव सतत चालती असल्यामुळे मुले शाळेला मुकत. १८७७ साली कायदा झाला तेव्हा कुठे अशा नावांची नोंदणी आणि त्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारच्या कागदावर आला. शिक्षक म्हणून ही गोष्ट आम्हाला जवळची वाटली. ऊसतोडणीच्या हंगामात निम्मे रिकामे होणारे वर्ग आपल्याकडे कोणाला माहीत नाहीत?

त्या काळच्या नावा लाकडी होत्या. बाजू ओकच्या, तळ एल्मचा. त्यांच्या अंगाला डांबर, घोड्याची लीद आणि गाईचे केस एकत्र उकळून केलेला लेप लावत. हे सांगितल्यावर अब्बा खूश झाले. "म्हणजे साहेबाचा धंदाही शेवटी शेणावरच उभा होता," ते म्हणाले. आताच्या नावा पोलादी असतात आणि त्यांना नुसता डांबरी रंग लागतो. नवीन नावेचा तळ सहसा दहा मिलिमीटर आणि बाजू सहा मिलिमीटर जाड असते. जुन्या नावांना पोलाद याहून पातळ लावलेले असे.

आमची नाव १९८५ सालची, पंचेचाळीस फुटी. तळ सहा मिलिमीटर आणि बाजू पाच, असे विकणाऱ्याने सांगितले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ती पाहायला गेलो तेव्हा ती नव्या नवरीसारखी नटलेली होती. वर हिरवा रंग, खाली काळेभोर नवे डांबर. आत लाकडी अस्तर, कोपऱ्यात कोळशाची शेगडी, गोल खिडकीतून पाण्यावरची बदके. इंजिन लिस्टर कंपनीचे, दोन सिलिंडरचे. लिस्टर हे नाव ऐकताच आम्हाला गावची पिठाची गिरणी आठवली. त्या घराण्याच्या इंजिनांच्या नकला राजकोटला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत आणि त्यांचा टुकटुक आवाज आपल्याकडच्या कित्येक गावांनी ऐकला आहे. इंजिन सुरू झाले आणि आमचा निर्णय झाला. नाव पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, असे सहकाऱ्याने बजावले होते. विकणारा म्हणाला, तपासणी तीन वर्षांपूर्वीच झाली आहे, कागद तेवढा सापडत नाही. तपासणीला काहीशे पौंड लागले असते. ते आम्ही वाचवले. वर्गात मुलांना 'ताळा करून पाहा, ताळा करून पाहा' असे सांगणारे आम्ही. स्वतःचे गणित मात्र ताळा न करताच मांडून मोकळे झालो.

सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले. कायमची जागा भाड्याने न घेणाऱ्या नावेला एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, असा इथला १९९५ चा कायदा आहे. त्यामुळे एक आड एक शनिवार-रविवारी आम्ही घर घेऊन पुढे जायचो. पाण्याची टाकी चारशे लिटरची. ती संपली की नळापर्यंत घरच न्यावे लागे. वजूला किती कमी पाणी पुरते, हे आम्हाला इथे समजले. किब्ल्याची तर वेगळीच गंमत. नाव ज्या काठाला, ज्या तोंडाने बांधावी त्याप्रमाणे केबिनमधली दिशा बदलते. फोनमधले होकायंत्र पाहून आम्ही आठवडाभर नमाज पढलो आणि मग लक्षात आले, की आजूबाजूच्या पोलादामुळे ते होकायंत्र खोटे बोलते आहे. चुंबकत्वाचा हा धडा आमच्यापैकी एकाने आठ वर्षे शिकवला होता! तेव्हापासून काठावर, नावेपासून दूर उभे राहून आग्नेय दिशा शोधायची, समोरचे एखादे झाड धरून ठेवायचे आणि मग आत यायचे, असा क्रम पडला.

मग नोव्हेंबर उजाडला आणि नावेने आपले खरे रूप दाखवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा इंजिनाखाली पाणी साचलेले दिसले. आम्ही घाबरून अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. इंजिनापासून पंख्याकडे जाणारा दांडा जिथे नावेबाहेर पडतो, तिथे ग्रीस लावलेली सुताची दोरी गुंडाळून दाबून बसवलेली असते. बाहेरचे पाणी अडवणारी ती एवढीच गोष्ट. शेजारी पितळेचा एक दट्ट्या असतो. दिवसभराचा प्रवास संपला की तो हाताला जड लागेपर्यंत फिरवायचा, म्हणजे ग्रीस आत शिरते. आम्ही तीन महिन्यांत तो एकदाही फिरवला नव्हता. तो शोभेचा असावा अशी आमची समजूत होती. अब्बा रागावले नाहीत. "जहाजावर नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी एकच काम सांगायचे," ते म्हणाले, "सगळीकडे हात लावून बघ. कुठं ओलं, कुठं गरम, कुठं थरथरतं. तुम्ही हात न लावता राहायला गेलात."

त्यानंतर डिसेंबरातली एक रात्र. बाहेर पाण्यावर बर्फाची साय धरली होती. सगळे सामसूम असताना पाण्याचा पंप क्षणभर घुर्रर्र करून थांबला. नळ सगळे बंद होते. वीस मिनिटांनी पुन्हा तोच आवाज. नळ बंद असताना पंप चालतो याचा अर्थ नळीतला दाब कुठेतरी कमी होतो आहे, म्हणजे पाणी कुठेतरी गळते आहे. हे आम्हाला कळायला हवे होते. पण आम्ही कूस बदलून झोपलो. असे किती रात्री झोपलो, ते सांगायला आज लाज वाटते.

नाताळच्या सुटीत जमिनीची एक फळी उचलली. खाली, नावेच्या तळावर, बोटभर पाणी होते. नाव पाण्यात नीट बसावी म्हणून वजनासाठी तळावर जुन्या फरशा रचलेल्या असतात. त्या पाण्यात बुडालेल्या. फरशी हलवली तर तिच्याबरोबर गंजाची पापडी वर आली, भाकरीच्या पोपड्यासारखी, थरावर थर. अब्बांना दाखवली.

"पाणी कुठलं? वरचं, खालचं की घरचं?" त्यांनी विचारले.

वरचे म्हणजे पावसाचे, खिडकीच्या सांध्यातून येणारे. खालचे म्हणजे कालव्याचे, तळाला भोक पडून येणारे. घरचे म्हणजे आपल्याच नळाचे. जहाजावर चव घेतली की काम भागते. खारट असेल तर देवाचे नाव घ्या. कालव्याचे पाणी गोडेच, त्यामुळे चवीचा उपयोग नव्हता. आम्ही तीन दिवस टिपून टिपून तळ कोरडा केला, सगळीकडे वर्तमानपत्रे अंथरली आणि दर तासाला कुठला कागद आधी ओला होतो ते पाहत बसलो. न्हाणीच्या भिंतीमागचा एक सांधा सापडला. दर मिनिटाला दोन थेंब. दुरुस्तीला लागले चार पौंड आणि अर्धा तास. ते दोन थेंब कित्येक वर्षे पडत असणार. आपली नाव बाहेरच्या पाण्याने नव्हे, घरच्याच पाण्याने आतून कुजत होती.

"आता बाहेरून बघा," अब्बा म्हणाले. "आत असं आहे तर बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. रंग साहेब बघतो. समुद्र बघतो ते रंगाखालचं."

२०२५ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुटीत, आम्ही नाव सुक्या गोदीत नेली. गोदीचे पाणी सोडले आणि नाव लाकडी ओंडक्यांवर हळूहळू बसली. आपण ज्या घरात झोपतो त्याचे बूड पहिल्यांदा पाहताना विचित्र वाटते. दाबाच्या पाण्याने धुतल्यावर काळे नवे डांबर पापुद्र्यांनी निघून आले. ते जुन्या गंजावरच फासलेले होते. बाजूला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील धातू. पाण्यात ते आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. खाऱ्या पाण्यात हेच काम जस्त करते. दहावीच्या मुलांना हे शिकवताना आम्ही त्याला 'कुर्बानीचा धातू' म्हणायचो. आमच्या नावेची कुर्बानी केव्हाच संपली होती. नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या.

या वेळी सर्व्हेअर बोलावला. आधी त्याने हातोडीने ठिकठिकाणी वाजवून पाहिले. मग ध्वनीचे यंत्र काढले. ते पोलादात ध्वनीची लहर सोडते, ती पलीकडच्या पृष्ठावरून परत येते आणि लागलेल्या वेळेवरून जाडी निघते. तो आकडे सांगत गेला आणि आम्ही लिहीत गेलो. तळ: पाच पूर्णांक दोन, पाच, चार पूर्णांक आठ. बरे. बाजू: चार पूर्णांक चार, चार पूर्णांक दोन. मग पाण्याची रेघ जिथे येते, हवा आणि पाणी दोन्ही जिथे पोलादाला आळीपाळीने लागतात, तो पट्टा आला. तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. तीन पूर्णांक चार. तीन पूर्णांक एक. एका खड्ड्यात दोन पूर्णांक सहा. निकालपत्रक वाचताना नापास विद्यार्थ्याच्या बापाचा चेहरा कसा होतो, ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या दिवशी आमचे चेहरे कोणी पाहिले असते तर तसेच दिसले असते. चार मिलिमीटरच्या खाली विमा कंपन्या कुरकुर करतात, सर्व्हेअर म्हणाला. दोन्ही बाजूंना पट्टा मारून घ्या. वेल्डरने खर्च सांगितला: साडेचार हजार पौंड. आमच्याजवळ अकराशे होते.

आम्ही तात्पुरता उपाय केला. घासले, तीन हात डांबर दिले, नवे मॅग्नेशियम जोडले आणि नाव पाण्यात सोडली. ती पुन्हा नव्या नवरीसारखी दिसू लागली. तेव्हाच विकण्याचा विचार मनात आला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. मे महिन्यात एक तरुण जोडपे नाव पाहायला आले. आमच्यासारखेच: नवी नोकरी, भाड्याला कंटाळलेले, हातात आयुष्याची पुंजी. मुलीने गोल खिडकीतून बदके पाहिली आणि नवऱ्याचा हात दाबला. इंजिन सुरू केले तेव्हा तो हसला. त्यांनी किंमत विचारली. तपासणीचा कागद त्यांनी मागितला नाही.

कागद ड्रॉवरमध्ये होता. चहा करण्याच्या निमित्ताने आम्ही दोघे पुढच्या टोकाला गेलो आणि कुजबुजत भांडलो. एक बाजू म्हणत होती, की आपण खोटे कुठे बोलतो आहोत? त्यांनी विचारले नाही, आपण सांगितले नाही. बाजारात सगळे असेच चालते. आपल्यालाही कोणी सांगितले नव्हते. हे पैसे गेले तर आपण परदेशात उघड्यावर. दुसऱ्या बाजूला वाद घालायला फारसे काही नव्हतेच. लहानपणी मदरशात शिकलेली एकच गोष्ट होती: मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवूनच विकावा. ही गोष्ट आम्ही दोघांनीही वर्गात मुलांना सांगितलेली होती, ओले धान्य वर आणून ठेवायला सांगण्याच्या किश्शासकट. मुलांना सांगताना ती फार सोपी वाटते. कोण कुठल्या बाजूला होते ते इथे लिहीत नाही. खरे तर त्या दहा मिनिटांत आम्ही दोघेही दोन्ही बाजूंना जाऊन आलो.

चहा निवला. आम्ही कागद काढून टेबलावर ठेवला आणि दोन पूर्णांक सहावर बोट ठेवले.

मुलगा बराच वेळ वाचत राहिला. मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. ते चहा न पिताच गेले. जाताना 'थँक यू' म्हणाले की नाही, आठवत नाही. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. काही मोठे पुण्य केल्याची भावना वगैरे काही आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आली ती फक्त काळजी. पंधरा दिवसांनी त्या मुलाचा निरोप आला: ते दुसरी नाव पाहताहेत, त्या सर्व्हेअरचा नंबर मिळेल का? आम्ही नंबर पाठवला.

अब्बांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्यांच्या वेळची एक हकिकत सांगितली. बंदरात तपासणीचे साहेब येणार असले, की आदल्या दोन दिवसांत गंजावरच रंग मारून घेत. हुकूम वरून असे, हात खलाशांचे. एकदा त्यांच्याच हाताखाली रंगवलेल्या शिडीची पायरी एका कोवळ्या खलाशाच्या पायाखाली मोडली. तो जगला, पण पुन्हा जहाजावर आला नाही. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कधीच काढली नव्हती. "पायरी मीच रंगवून घेतली होती," ते म्हणाले आणि फोन अम्मीकडे दिला.

मग उरला एकच मार्ग: दुरुस्ती. उन्हाळ्याच्या सुटीत कोकणात जाण्यासाठी तिकिटांचे पैसे बाजूला काढत होतो, ते यात घातले. एका मित्राने बिनव्याजी उसने दिले. आतली तोडफोड आम्ही स्वतः केली, तर वेल्डर हजार पौंड कमी घ्यायला तयार झाला. बाहेरून वेल्डिंग करताना आतले अस्तर पेट घेऊ शकते. म्हणून गुडघ्याच्या उंचीपर्यंतच्या लाकडी फळ्या उतरवल्या. मागे थर्माकोलसारखी पांढरी पाटे होती, तीही काढली. त्यांना टेकून गेलेल्या विजेच्या तारांचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकले होते, हेही तेव्हाच सापडले. एक दुरुस्ती दुसरीला हात धरून घेऊन येते, हा जुन्या नावेचा नियम आहे.

गंज टाकण्याचे काम अब्बांच्या देखरेखीखाली झाले. फोन एका डब्याला टेकवून ठेवायचा आणि तिकडून सूचना येत. "हातोडी सरळ नको, तिरकी मार. आवाज ऐक. बद्द आवाज आला तर पापडी आहे. खणखणीत आला तर पोलाद." आम्हाला भीती वाटे, की पातळ जागी घाव बसला तर आरपार भोक पडेल. ते म्हणाले, "भोक पडलं तर ते हातोडीनं पाडलं नाही बेटा, ते आधीच होतं. हातोडी फक्त खरं बोलते." पंच्याहत्तरीचे अब्बा, मोतीबिंदूचे डोळे, दिसत किती होते देव जाणे, पण आवाजावरून ते जागा ओळखत. "डावीकडं, अजून खाली. तिथं सोडलंस तू." आणि खरोखरच सोडलेले असे.

वेल्डर काम करत होता ते सहा दिवस आमच्यापैकी एक जण आत पाण्याची बादली आणि आग विझवायचे नळकांडे घेऊन बसे. पलीकडून ठिणग्यांचा आवाज येई आणि पोलादाची भिंत लालसर होऊन पुन्हा काळी पडे. दोन ठिकाणी जुने पोलाद इतके पातळ होते, की वेल्डिंगची ज्योत लागताच उजेड आत आला. तो उजेड पाहिल्यावर त्या जोडप्याची आठवण झाली आणि पोटात गोळा आला.

नाव पुन्हा पाण्यात उतरली ती ऑगस्टअखेरीस. नव्या पट्ट्यांच्या वजनाने ती थोडी खाली बसते, म्हणून बाहेर पडणाऱ्या नळ्यांची तोंडे पाण्यापासून किती वर राहिली ते मोजून पाहिले आणि तळातल्या काही फरशा कमी केल्या. अब्बांनी विचारले, "आता किती जाड?" या वेळी उत्तर तयार होते. ते म्हणाले, "फळी उचल, हात घाल." आम्ही हात आत घातला आणि फोनसमोर धरला. कोरडा होता.

या सगळ्या काळात आम्ही एक वही ठेवली. कुठला सांधा कधी बदलला, कुठे किती मिलिमीटर निघाले, दट्ट्या कधी भरला, डांबर कधी दिले. सवयीने ती उर्दूत लिहिली गेली, उजवीकडून डावीकडे. मध्यंतरी लक्षात आले, की आमच्यानंतर ज्याच्या हातात ही नाव जाईल त्याला यातले एक अक्षरही वाचता येणार नाही. म्हणजे कागद असून नसल्यासारखाच. म्हणून सध्या रोज रात्री कामे आटोपली की आम्ही दोघे तिची इंग्रजी नक्कल करत बसतो. एक वाचतो, दुसरा लिहितो. सुरुवात कुठून करावी यावर थोडा वाद झाला. शेवटी पहिल्या पानावर दोन पूर्णांक सहाची जागा लिहिली: डावी बाजू, पुढच्या टोकापासून एकोणीस फूट, पाण्याच्या रेघेवर, आणि तिथे नवी पट्टी कधी बसवली ती तारीख.